आपलीच समजून बांधा

मराठी माणूस दुसऱ्याला उदार मनाने जे काही देऊ करतो, त्यात ‘आपलंच समजा’ हे वाक्य पहिल्या क्रमांकाचं. कारण उघड आहे. त्याला खर्च येत नाही. पाहुणा उंबऱ्यात दिसला की, "या, या, आपलंच घर समजा!" पाटावर बसला की, "लाजू नका, आपलंच घर समजून मागून घ्या!" या वाक्यावर विसंबून पाहुण्याने खरोखरच आपल्या घरासारखं वागायचं ठरवलं तर केवढा अनर्थ होईल, याचा विचार यजमान करीत नाही. स्वतःच्या घरी माणूस जेवण झाल्यावर ताटातच हात धुतो, सदरा खुंटीला लावून पंख्याखाली आडवा होतो, आणि वर आमटीत मीठ कमी होतं म्हणून तक्रार करतो. पाहुण्याचं नशीब आणि यजमानाचं नशीब, की हे वाक्य बोलणारा मनापासून बोलत नाही आणि ऐकणारा मनावर घेत नाही.

सरकारला मात्र ही खुबी कळलेली नाही. ‘सार्वजनिक मालमत्ता आपली आहे’ असं ते जागोजागी लिहून ठेवतं, आणि लोक ते शब्दशः घेतात. आपण घरच्या भांड्यावर नाव घालून घेणारी माणसं. वाटीपासून पिंपापर्यंत सगळ्यांवर नाव, वर तारीख. तेव्हा एसटी आपली म्हटल्यावर तिच्या सीटवर नाव पडणारच, आणि नळदुर्गचा किल्ला आपला म्हटल्यावर त्याच्या बुरुजावर बाण मारलेला बदाम निघणारच. ज्यांनी ही नावं कोरली, त्यांना किल्ला परका वाटत होता असं कोणी म्हणू शकणार नाही.

तेव्हा ‘आपलं समजून’ ही जपण्याची आज्ञा आहे की मोडण्याचा परवाना, हा माझ्या मते एक गंभीर नैतिक प्रश्न आहे. मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांनी आत्मा, परमात्मा, माया वगैरे विषयांवर भरपूर लिहून ठेवलं आहे, पण दुसऱ्याची मोटारसायकल टेम्पोत किती आवळून बांधावी यावर कोणी दोन ओळी खरडलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत.

कायद्याने मात्र खरडल्या आहेत. मी बी.कॉम. झालो तेव्हा आम्हाला व्यापारी कायदा होता. त्यात १८७२ सालचा भारतीय करार कायदा होता, आणि त्यात १५१ वं कलम होतं. आपली वस्तू काही कामापुरती दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर त्याने तिची किती काळजी घ्यावी? धोब्याने कपड्याची, शिंप्याने कापडाची, गॅरेजवाल्याने गाडीची? कलम म्हणतं, सर्वसाधारण शहाणपणाचा माणूस तशाच परिस्थितीत तेवढ्याच आकाराच्या, तशाच प्रतीच्या आणि तेवढ्याच मोलाच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी. पुढचं १५२ वं कलम सांगतं की एवढी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर वेगळा करार नसेल तेव्हा घेणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. आमचे सर हे कलम डोळे मिटून सांगत. मीही ते डोळे मिटूनच पाठ केलं. पुढे नोकरी लागल्यावर डोळे उघडून इकडेतिकडे पाहू लागलो, तर हा सर्वसाधारण शहाणपणाचा माणूस कुठे दिसेना. बँकेच्या काउंटरवर दिवसाला दोन-तीनशे माणसं येतात. त्यांत अतिशहाणे पुष्कळ असतात. साधेभोळे असतात. पण सर्वसाधारण शहाणपणाचा, म्हणजे कायद्याला हवा तसा मापात बसणारा गृहस्थ बँकेत खातं ठेवत नसावा.

ही सगळी तत्त्वचर्चा डोक्यात पुन्हा उभी राहायचं कारण माझी बदली. उमरग्याहून परंड्याला. जिल्हा तोच, धाराशिव. पण उमरगा त्याच्या एका टोकाला, कर्नाटकच्या कुंपणाशी, आणि परंडा दुसऱ्या टोकाला. अंतर दीडशेच्या आसपास किलोमीटर. गंमत म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जाताना वाटेत बार्शी लागते, ती सोलापूर जिल्ह्याची. सासरहून माहेरी जाताना चुलत सासऱ्याच्या घरात चहा घ्यावा लागावा, तसला प्रकार.

सामानाचा प्रश्न नव्हता. प्रश्न मोटारसायकलचा होता. माझी गाडी २००३ सालची हिरो होंडा आहे. हिरो आणि होंडा या दोघांनी २०१० साली काडीमोड घ्यायचं ठरवलं, पण माझ्या टाकीवर अजून ते गुण्यागोविंदाने नांदताहेत. पंधरा वर्षं झाल्यावर तिची पुन्हा नोंदणी करून घेतली. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, गाडीचा एमएच २५ आहे तसाच राहिला. (तशी आमची काळी शेळीही सगळ्या जगात अजून ‘उस्मानाबादी’च आहे. जनावरांपर्यंत राजपत्र जायला वेळ लागतो.) या गाडीच्या किमतीबद्दल आमच्या घरात हिशेबपद्धतींचा वाद आहे. घसारा सरळ रेषेच्या पद्धतीने काढला, तर गाडीची किंमत केव्हाच शून्य झाली. घटत्या बाकीच्या पद्धतीने काढला, तर ती दर वर्षी कमी होते, पण शून्य कधीच होत नाही. हिचा विश्वास पहिल्या पद्धतीवर आहे, माझा दुसऱ्या. वाणिज्य शाखेत माया, ममता, मोह हे शब्द नाहीत. तिथे त्याला घटत्या बाकीची पद्धत म्हणतात.

"चालवतच न्या की," असं अनेकांनी सुचवलं. पण जून लागला होता, आभाळ भरून येत होतं, आणि माझ्या कमरेलाही घसारा लागू झाला आहे. म्हणून बंद हौद्याचा टेम्पो ठरवला. बिस्किटांचे खोके नेतात तसला, चारी बाजूंनी पत्रा आणि मागे दोन दारं. गाडीने गाडीतून जावं ही कल्पना मला जरा चमत्कारिक वाटली, पण सासूबाईंचा पाय मुरगळला तेव्हा त्याही खुर्चीतूनच जिना उतरल्या होत्या.

ड्रायव्हरला मी ‘मामा’ म्हणत होतो. परक्या माणसाला नात्यात ओढलं की भाडं कमी होतं, अशी आपली समजूत असते. तो मला ‘साहेब’ म्हणत होता. साहेब म्हटलं की भाडं वाढतं, अशी त्याची असावी. दोन्ही समजुतींनी एकमेकींना छेद दिला आणि भाडं ठरलं होतं तेवढंच राहिलं. बरोबर एक पोरगा होता, अठरा-एकोणीस वर्षांचा, नुकतं मिसरूड फुटलेला. मामा त्याला ‘बारक्या’ म्हणत. नाव म्हणून नव्हे. टेम्पोवर जो कोणी दुसरा असतो, तो बारक्याच असतो.

"मामा," मी म्हटलं, "गाडी जरा आपलीच समजून बांधा."

"आपलीच म्हंजे? आपलीच हाय की साहेब!" मामा म्हणाले.

एवढ्यात मला मामांची स्वतःची मोटारसायकल दिसली. आदल्या दिवशी टेम्पो ठरवायला त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हाही ती दिसली होती. आज ते तिच्यावरच बसून टेम्पोच्या मागोमाग आले होते. तिच्या सीटचा स्पंज बाहेर आला होता आणि त्यावर खताची पिशवी ओढलेली होती. नंबरप्लेट तारेने बांधली होती. आरसा एकच होता, तोही आभाळाकडे तोंड करून. पावसाचा अंदाज घ्यायला असावा. साइड इंडिकेटर चारांपैकी एक शिल्लक होता. मालकाचं काही म्हणणं नव्हतं, गाडीचंही नव्हतं. पण ‘आपलीच समजून’ या माझ्या दोन शब्दांनी मी काय मागून बसलो होतो, ते माझ्या ध्यानात आलं.

आता इथे कायदा किती सावध आहे बघा. तो मामांना ‘तुमच्या स्वतःच्या गाडीसारखी’ असं म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘सर्वसाधारण शहाण्या माणसाच्या स्वतःच्या गाडीसारखी’. म्हणजे मामांनी आधी आपण शहाणे आहोत अशी कल्पना करायची, मग माझी गाडी त्या शहाण्याची आहे अशी कल्पना करायची, आणि मग दोर आवळायचा. सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, एवढी कल्पनाशक्ती भल्याभल्या कवींना चालवता येणार नाही.

बरं, ‘परकी समजून बांधा’ म्हणावं तर? बँकेतला माझा अनुभव त्या बाजूने आहे. माझ्या खिशातल्या पाकिटात या घटकेला किती रुपये आहेत, हे मला सांगता येणार नाही. पण कॅशवर बसलो की लोकांची नोट मी दोनदा मोजतो, एकदा यंत्राने आणि एकदा बोटाने. स्वतःचे शंभर हरवले तर हळहळून सोडून देता येतात. लोकांचे शंभर कमी भरले तर संध्याकाळी खिशातून घालावे लागतात. म्हणून परक्याची वस्तू जास्त जपली जाते, असा सिद्धांत मी एकदा जेवणाच्या सुट्टीत मांडला होता. आमच्या आयांनी हेच तर केलं. शेजारणीची वाटी घासूनपुसून परत जायची, आणि तीही रिकामी नाही. त्यात दोन करंज्या, नाहीतर निदान साखर. घरच्या वाटीला हा मान कधी मिळाला?

पण आमचे एक सहकारी शेतकऱ्याच्या घरातले. ते डबा बंद करीत म्हणाले, "मागून आणलेला बैल बघितलाय का कधी? दुपारी सोडायचा तो चारला सोडतात." सिद्धांत तिथेच बसला. भाड्याच्या खोलीच्या भिंतीत आपण जसे खिळे मारतो, तसे स्वतःच्या घराच्या भिंतीत मारायला हात धजत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे आपणच. सारांश, आपली म्हटली तरी हाल, परकी म्हटली तरी हाल. महात्मा गांधींनी यावर विश्वस्ताची कल्पना सुचवली होती. वस्तू आपल्या हातात असली तरी ती आपली नाही, आणि म्हणूनच जपायची. कल्पना थोर आहे. ती श्रीमंतांना सांगितली होती, आणि श्रीमंतांनी ती लक्षपूर्वक ऐकून घेतली.

मामांनी मात्र एवढ्या वेळात गाडी बांधूनही टाकली. फळी लावली, ‘हैक्’ म्हणून गाडी आत चढवली, मेन स्टँडवर उभी केली, हँडलवरून एक दोर घेतला, सीटवरून फिरवला, पत्र्याच्या कडीला निरगाठ मारली, आणि हात झटकले. "झालं."

"एकच दोर?" मी विचारलं.

"काय न्हाई होत साहेब. आन् बारक्या हाय की. त्याला बसवतो आत, गाडी धरून. च्यापाण्याला शंभर द्या त्याला."

खरं सांगायचं तर प्रस्ताव व्यवहाराच्या दृष्टीने उत्तम होता. शंभर रुपयांत दीडशे किलोमीटरचा विमा. दोर सैल पडतो, पोरगा पडत नाही. खड्डा आला तर दोराला कळत नाही, पोराला कळतं. आणि मामा काही जगावेगळं सांगत नव्हते. आपल्याकडे लग्नाच्या बस्त्यापासून गणपतीच्या मूर्तीपर्यंत प्रत्येक नाजूक वस्तूशेजारी हौद्यात एक पोरगा बसलेला असतो, आणि सगळे त्याला ओरडून सांगत असतात, ‘धर रे नीट!’

ही लोणच्याची बरणी छातीशी धरून जिन्यात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "दारं लावल्यावर आत उजेड असतो का हो?"

मामा हसले. "बिस्किटाच्या गाडीला कशाला पायजे उजेड, वैनी?"

मी आत डोकावलो. एका बाजूला कपाट, एका बाजूला गाद्या, आणि मधल्या चार फुटांत शंभर किलोंच्या वर वजनाची मोटारसायकल. तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये एक पोरगा मावेल एवढीच जागा. बारक्या त्या जागेकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर नाराजी वगैरे काही नव्हती. उंची मोजावी तसं तो पाहत होता.

माझं वाणिज्याचं शिक्षण इथे थांबलं. गाडीची काळजी किती घ्यायची त्याला १५१ कलम होतं. गाडीला विमा होता. तो उतरवल्याशिवाय रस्त्यावर आणताच येत नाही. मालाच्या हौद्यात माणसं बसवू नयेत असे नियमही आहेत. पण ते मोडले तर दंड मामांना, आणि मोटारसायकल कलंडली तर ती बारक्यावर. त्याला कोणी माझ्या ताब्यात दिलेलं नव्हतं. पावती नव्हती, करार नव्हता. ‘तेवढ्याच आकाराचं, तशाच प्रतीचं आणि तेवढ्याच मोलाचं’ माझं स्वतःचंही एक पोर आहे; ते त्या वेळी टेम्पोच्या पायरीवर बसून कुल्फीची काडी चोखत होतं. त्याला मी त्या चार फुटांत बसवलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलासुद्धा नाही. उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नये, असं बँकेचं परिपत्रक नसलं तरी पद्धत आहे.

मी काही बोलायच्या आत बारक्या हौद्यात चढला आणि त्याने मामांची निरगाठ सोडायला घेतली. ती दातांनी सोडवावी लागली. मग गाडी त्याने स्टँडवरून खाली घेतली.

"आरं, स्टँडवर ऱ्हाऊ दे की!"

"स्टँडवरनं उडी मारती ती," बारक्या म्हणाला. "खड्ड्यात मागनं उचलली की म्होरं जाती."

मी वाचकांना सांगतो, मला मोटारसायकल चालवायला येऊन वीसहून जास्त वर्षं झाली, पण ती उभी कशी करावी हे मी त्या सकाळी पाहिलं. पुढचं चाक त्याने हौद्याच्या पुढच्या भिंतीला भिडवलं. मध्ये पोतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. पेट्रोलचा कॉक बंद केला. मग बोटाच्या पेराने टाकीवर टकटक केलं आणि कान लावला. आमच्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं ते पारखलं होतं अशी कथा आहे. माझ्या टाकीचं मडकं कच्चं निघालं. "हाय आजून आत," म्हणून त्याने नळी लावून राहिलेलं पेट्रोल बाटलीत काढलं आणि मामांच्या गाडीत ओतलं. बंद पत्र्यात पेट्रोलचा वास कोंडतो, आणि वास कोंडला की एक विडी पुरते. मामांनी त्यावर मान डोलावली. पेट्रोल त्यांच्याकडे गेल्यामुळे मुद्दा त्यांना पटला असावा.

मग चार दोर. दोन पुढे, दोन मागे. नायलॉनचे त्याने बाजूला टाकले. "ह्ये ताणतंय आन् गाठीतनं सरकतंय," म्हणाला. सुती घेतले. पुढचे दोन हँडलच्या टोकाला न बांधता, हँडल खाली जिथे चिमट्याला मिळतं तिथे बांधले, खाली फडक्याची घडी घालून. "टोकाला बांधलं तर हँडल वाकतंय." आणि मग तो छातीने हँडलवर झुकला, पुढचे शॉकअप अर्धे खाली दाबले, आणि दाबलेल्या स्थितीतच दोर खेचून कडीला आवळला. यातली मेख मला नंतर कळली. खड्ड्यात गाडी खाली बसली की दोर सैल पडतो, आणि एकदा सैल पडला की पुढच्या धक्क्याला गाठ सुटते. स्प्रिंग आधीच दाबून ठेवली, तर ती कायम वर यायला बघते आणि दोर ताठ ठेवते. म्हणजे गाडी स्वतःच स्वतःला बांधून घेते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते निंदेने. पण सगळा भरवसा त्या पिळावरच असतो.

तोपर्यंत माझ्या डोक्यात नवा सिद्धांत तयार झाला होता. आपली-परकी हा वादच चुकीचा आहे. ज्याच्या अंगावर पडणार, तोच नीट बांधतो. ज्याचं जळतं त्याला कळतं. नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाहीच्या काळातला बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. वरून बोरी नदीचं पाणी कोसळत असतं आणि आत खिडकीत बसलेला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षं झाली, भिंत तशीच आहे. राहणारच. आत सुलतान बसणार म्हटल्यावर कुठला गवंडी चुन्यात हात आखडता घेईल? सर्वसाधारण शहाणपणाचा माणूस मला अखेर सापडला होता. तो म्हणजे आत बसणारा माणूस. कलमात एवढी एक दुरुस्ती केली की काम झालं.

पण या सिद्धांताला एक अडचण होती. पुढचे दोन दोर झाले होते, मागचे दोन राहिले होते, आणि बारक्याला मी आत बसवणार नव्हतो. हे त्याला आता सांगायचं, की चारही दोर बांधून झाल्यावर? आता सांगितलं आणि माझा सिद्धांत खरा असला, तर मागचे दोन सैल पडणार. मोटारसायकलच्या हिताचं होतं गप्प राहणं. आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. निदान कुठल्या कलमात तसं म्हटलेलं मला आठवत नव्हतं.

"बारक्या," मी म्हटलं, "तू पुढं बसायचं हं केबिनमध्ये. आत कोणी बसणार नाही."

"आन् तुमी कुठं बसणार साहेब?" मामांनी विचारलं. केबिनमध्ये ड्रायव्हर सोडून एकच धड सीट होती. दुसरीवर स्टेपनी होती.

"मी एसटीने येतो. यांच्याबरोबर."

मामांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. मालासोबत न जाणारा मालक त्यांनी पाहिला नसावा. बारक्याने एकदा मान वर केली, "बरं" म्हणाला, आणि तिसरा दोर घेतला. गुडघा कडीवर रोवून खेचला. चौथाही तसाच. मी वर चढून तिसऱ्या दोराला बोट लावून पाहिलं, मग पहिल्याला, मग पुन्हा तिसऱ्याला. तुलना करणं हा आमचा धंदाच आहे. चारही दोर सारखेच टणक. एकतारीवर बोट मारावं तसा आवाज येत होता.

मामा वैतागले. "आरं, आत बसायचं न्हाई म्हटल्यावर एवढं कशाला आवळतूस? यळ चाललाय."

बारक्या दोराचं उरलेलं टोक गुंडाळत म्हणाला, "मला ढिलं बांधायला येतच न्हाई मामा."

"आज्ज्याकडनं शिकलाय त्यो," मामांनी मला समजावलं, जणू पोराचा आजार सांगताहेत. "कडब्याच्या गाड्या भरायचा म्हातारा. पेंढी हलली तरी शिव्या द्यायचा."

माझ्या सिद्धांताचं काय झालं ते मी सांगत बसत नाही.

दारं लागली, कडी पडली, टेम्पो निघाला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत आम्ही बघत होतो. मग एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मामांचं आडनाव मला माहीत नाही. बँकेत लोक माझ्या हातात लाख लाख रुपये देतात आणि एक चिठोरी घेऊन निघून जातात. पण तो भरवसा माझ्यावर नसतो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. भरवसा एका माणसावर पुरा ठेवला, तर त्याला भाबडेपणा म्हणतात. दोघांवर अर्धा अर्धा ठेवला, तर त्याला पद्धत म्हणतात. माझी मोटारसायकल, माझं कपाट आणि हिची शिवणयंत्रं (दोन, एक चालतं) एका किल्लीवर चालली होती. नळदुर्गला मी खिडकीतून मान काढून बघितलं, टेम्पो दिसला नाही. तुळजापूरला एसटी थांबली तेव्हा हिने कळसाला हात जोडले. मीही जोडले. काय मागितलं ते हिने विचारलं नाही. बालाघाट उतरून बार्शीच्या वाटेला लागलो तेव्हा पावसाचे थेंब आले, आणि माझ्या मनात आलं की आत्ता तो पोरगा त्या पत्र्यात असता, तर त्याला पाऊस नुसता ऐकू आला असता.

"पंधरा किलोमीटरवर थांबून दोर बघितले असतील का त्यांनी?" मी म्हणालो. बारक्याने तसं सांगितलं होतं. नवे ताणलेले दोर थोड्या अंतरावर बसतात, ते एकदा पुन्हा आवळावे लागतात.

"तुम्हाला गाडीची काळजी आहे, की त्याने सांगितलं ते खरं निघावं याची?" ही म्हणाली. बायकांना वाणिज्य शिकवत नाहीत ते बरं आहे.

परंड्याला पोचलो तर टेम्पो आमच्या आधी येऊन घरापुढे उभा. मामा सावलीत झोपलेले. दारं उघडली. मोटारसायकल जशी सकाळी होती तशी उभी होती. कपाट मात्र चार बोटं सरकलं होतं आणि त्याचा आरसा तडकला होता. कपाट मामांनी बांधलं होतं.

"वाटेत थांबला होतात का रे?"

"दोनदा," बारक्या म्हणाला. "नळदुर्गाच्या अलीकडं आन् मग तुळजापुरात."

मी गाठींकडे पाहून कात्री मागवणार होतो. त्याने एकेका दोराचं लोंबतं टोक धरलं आणि एकच हिसडा दिला. चारही गाठी मोकळ्या झाल्या. सगळ्या सुरगाठी होत्या. गाडी भस्सकन पुढून वर आली, दाबलेल्या माणसाने श्वास सोडावा तशी.

मग मामा उठले आणि त्यांनी दोर मोजले. चार सुती, दोन नायलॉनचे. एकेक दोर हातावर सरकवत कुठे काच पडला आहे का ते पाहिलं, ओला होता तो वाळत टाकला, बाकीच्यांच्या वेटाळ्या करून सीटखाली कुलपात ठेवल्या. नायलॉनचा एक सापडेना. मामांनी सगळं घर पालथं घातलं. शेवटी तो आमच्या गादीच्या वळकटीला निघाला. तो सोडवून घेतल्यावरच त्यांनी भाड्याला हात लावला.

मी बारक्याला शंभर रुपये दिले. "आत बसलो न्हाई साहेब," तो म्हणाला.

"बांधायचे आहेत."

त्याने मामांकडे पाहिलं. मामा नोटा मोजत होते, आणि त्या मात्र ते दोनदा मोजत होते. बारक्याने नोट खिशात टाकली आणि मोटारसायकलला किक मारली. टाकीत अर्थातच काही नव्हतं. पंप कुठे आहे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. "तुमी बसा, म्या ढकलतो," तो म्हणाला. मी बसलो नाही. मी हँडल धरलं, त्याने मागून हात लावला, आणि विचारत विचारत किल्ल्याच्या दिशेने निघालो.